मामाचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओग्राम आणि दोन 9710 स्पीकर, सरळ प्लग लावू का?

हळदीचं_गाव

नमस्कार मंडळी. मिरजेला माझ्या मामांचं घर आहे, मामा गेल्या वर्षी गेले आणि आता घर रिकामं करायचं चाललंय. माजघरात त्यांचा रेडिओग्राम आहे, चांगला चार फूट लांब, झाकण उचललं की उजवीकडे रेकॉर्ड प्लेयर, डावीकडे मीडियम वेव्ह शॉर्टवेव्हचा रेडिओ, स्टेशन नीट लागलं की मिटणारा तो हिरवा डोळा पण आहे. कंपनीची पट्टी कधीच निघून गेलीय त्यामुळे मेक माहीत नाही. मामांनी आतले छोटे स्पीकर काढून टाकले होते आणि दोन मोठे 8 इंची स्पीकर आणून सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराकडून त्यांना सागवानी खोकी करून घेतली होती, मागून उघडी. स्पीकरच्या मॅग्नेटवर फिलिप्स 9710 असं दिसतंय, पुढचं अक्षर पुसट आहे.

मी आठवीत होतो तेव्हा शेवटचा वाजताना ऐकलाय, म्हणजे 25 वर्षं तरी झाली. दुपारी मामा जेवून आडवे व्हायचे आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँची 78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी) तबकडी लावायचे, तीन मिनिटांत संपायची, मग मला उठून पुन्हा लावायला सांगायचे. तो आवाज मला अजून आठवतो, खोलीत कुणीतरी बसून गातंय असा.

मागचा पुठ्ठा काढून बघितलं तर व्हॉल्व्हवर हे नंबर आहेत: ईएल84 दोन, ईसीसी83 एक, ईझेड81 एक, आणि रेडिओच्या बाजूला ईसीएच81, ईबीएफ89 आणि एक डोळ्याचा. मामेभाऊ म्हणतो भंगारात दे. इथल्या एका रिपेअरवाल्याला दाखवला तर तो म्हणाला हे सगळं काढून टाका, 100 वॅटचा बोर्ड बसवून देतो, ब्लूटूथसकट. मला ते काही पटलं नाही.

तर प्रश्न असे की सरळ प्लग लावून बघू का? व्हॉल्व्ह अजून मिळतात का? आणि या अँपला आताचे चांगले बुकशेल्फ स्पीकर जोडले तर जास्त चांगलं वाजेल की हेच ठेवू? मला थोडंफार सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे. खोली 10 बाय 12 ची. ऐकतो ते मुख्यतः गायन, नाट्यसंगीत, थोडं जुनं हिंदी.

ठाणे_लोकल

भावा प्लग लावू नको!! आधी हे वाच मग बाकीचं. 25 वर्षं पडून असलेल्या सेटमधले कंडेन्सर आतून सुकलेले असतात, एकदम 230 दिलेस तर पॉवर ट्रान्सफॉर्मर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) जाईल आणि व्हॉल्व्ह एक वेळ मिळतात पण तसा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, परत गुंडाळून घ्यावा लागतो.

आमच्या ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता त्यामुळे आमच्या भागात घरटी एक तरी असा सेट असायचा, आमच्या घरी अजून एक चालू आहे. भंगारात देऊ नको एवढंच सांगतो. बाकी तांत्रिक जुने लोक सांगतीलच.

जुना_मेकॅनिक

हळदीचं गाव, तुम्ही नंबर लिहिलेत हे फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच होतं. आधी एक चांगली बातमी. युरोपियन व्हॉल्व्हच्या नावात पहिलं अक्षर फिलामेंटचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं असतं. ई म्हणजे 6.3 व्होल्ट. तुमचे सगळे ई पासून सुरू होतात म्हणजे सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे आणि चेसिस (आतला धातूचा सांगाडा) बहुतेक मेन्सपासून वेगळी आहे. हेच जर यूसीएच81, यूएल84, यूवाय85 असे यू चे नंबर असते तर मी तुम्हाला हातच लावू नका म्हणालो असतो, कारण ते एसी/डीसी सेट, त्यात फिलामेंट एकापुढे एक सिरीजमध्ये असतात, ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि प्लग उलटा लागला तर अख्खी चेसिस लाइव्ह होते. हे नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने पाठच करावं. दुसरं अक्षर कामाचं: सी ट्रायोड (बारीक सिग्नल वाढवणारा), एल आउटपुटचा पेंटोड (स्पीकर चालवणारा), झेड फुलवेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), एम म्हणजे तुमचा हिरवा डोळा.

म्हणजे तुमचा सेट असा आहे: ईसीसी83 मध्ये दोन ट्रायोड असतात, एक डाव्या चॅनेलला एक उजव्या, आणि पुढे प्रत्येकी एक ईएल84 सिंगल एंडेड, म्हणजे चॅनेलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह. 250 व्होल्टवर 48 मिलिअँपिअर चालला तर एका ईएल84 मधून साडेपाच वॅटच्या आसपास निघतात, त्यातले चार स्वच्छ धरा. चार वॅट ऐकून नाराज होऊ नका, त्याचं पुढे सांगतो.

आता चालू कसा करायचा. घाई अजिबात नको, मी 40 वर्षं हे केलंय आणि जेवढे सेट जळलेले बघितले त्यातले बहुतेक 'बघू तरी लागतो का' म्हणून जळलेले. पहिलं, मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल, 200, 220, 240 असं काहीतरी, तो 240 वर करा. आपल्याकडे लाइनला 240 च्या वर सहज जातं आणि सेट 220 वर ठेवलेला असला तर फिलामेंटपासून सगळंच जास्त तापतं. दुसरं, ईझेड81 काढून बाजूला ठेवा. तो काढला की हाय टेन्शन (आतले 300 व्होल्ट डीसी) तयारच होत नाही, फक्त फिलामेंट पेटतात. मग सिरीज बल्बच्या बोर्डावरून लावा (सेटकडे जाणाऱ्या वायरीत मधे एक बल्ब), 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालणार नाही. बल्ब मंद पेटला तर ट्रान्सफॉर्मर ठीक, भगभगीत पेटला तर शॉर्ट आहे, लगेच बंद. अर्धा तास ठेवून ट्रान्सफॉर्मरला वास येतो का, हाताला किती गरम लागतो ते बघा (बंद करून, प्लग काढून, मगच हात).

एवढं झालं की कंडेन्सर. मोठे इलेक्ट्रोलिटिक न बघता बदला. 450 व्होल्टचे 105 डिग्रीचे घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. पण इथे एक चूक सगळे करतात, जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त चांगलं असं समजून रेक्टिफायरच्या पायाशीच 220 टाकतात. ईझेड81 ला पहिला कंडेन्सर 50 मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, 47 टाका. मोठा टाकलात तर चालू करताना त्याला जो करंट ओढावा लागतो त्याने रेक्टिफायर मरतो. पुढच्या टप्प्याला थोडा वाढवला तर चालतो.

त्याहून महत्त्वाचा म्हणजे ईसीसी83 च्या प्लेटपासून (जिथून सिग्नल बाहेर येतो) ईएल84 च्या ग्रिडला (जिथे तो आत जातो) जाणारा कपलिंग कंडेन्सर. जुना कागदाचा असेल तर तो गळका असणार, असणारच. तो डीसी पुढे सोडतो, ग्रिड पॉझिटिव्ह होतो, व्हॉल्व्ह नको तितका करंट खेचतो, प्लेट लाल होते, आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरची वेळ येते. पाच पैशाच्या वस्तूपायी हजारोंची वस्तू जाते. दोन्ही बदला, 630 व्होल्टचे पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, किंमत आहे तीच ठेवा.

रेक्टिफायर परत लावून चालू केल्यावर दोन मापं घ्या. ईएल84 च्या ग्रिडवर शून्य व्होल्ट पाहिजे. कॅथोडवर साधारण 7 व्होल्ट पाहिजे. ही दोन बरोबर आली तर सेट जिवंत आहे.

आणि जिवाचं. आत 300 व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. 10 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने लावून दहा सेकंद धरा, मग मीटरने शून्य आलंय का बघा, मग हात घाला. चालू सेटवर माप घेताना डावा हात खिशात. पायात चप्पल. घरात कुणीतरी असताना करा, एकट्याने रात्री करू नका. आणखी एक, स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँप कधीच वाजवू नका, लोड नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उठतं.

व्हॉल्व्ह मिळतात. ईएल84 आजही स्लोव्हाकियात आणि रशियात बनतात, जुन्या रशियन मालात 6पी14पी म्हणून तोच व्हॉल्व्ह आहे. आपल्या बंगलोरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स) जुने सापडले तर डोळे झाकून घ्या. पण आधी आहेत ते बघा, बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं.

तो 100 वॅटचा बोर्ड बसवायचा विचार मनातून काढून टाका. एकदा ते पोट रिकामं केलं की परत भरता येत नाही.

मोजमाप

वरच्या काकांचं सुरक्षेचं सगळं शंभर टक्के बरोबर, त्यात भर घालायला काही नाही. मी व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे, माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते पण इथे असू दे. सिंगल एंडेड ईएल84 मधून पूर्ण ताकदीला जवळजवळ 10 टक्के डिस्टॉर्शन निघतं, त्यात दुसरा हार्मोनिक पण असतो. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचं सप्तक, तो कानाला गोड लागतो, म्हणून आवाज 'भरलेला' वाटतो. आजचा साधा चिप अँप हजारपट स्वच्छ आहे. मामांची आठवण म्हणून जरूर जपा, पण फक्त चांगला आवाज पाहिजे असेल तर पैसे स्पीकरवर आणि खोलीवर घाला, अँपमध्ये घालू नका असं मी कुणालाही सांगेन.

लीड्सकर

मोजमाप, तुमचं स्पीकरवर पैसे घालण्याचं पटलं, पण व्हॉल्व्ह म्हणजे डिस्टॉर्शन हे सरसकट नाही. इंग्लंडच्या हॅरॉल्ड लीकने 1945 ला अँप काढला त्याचं नावच 'पॉइंट वन', कारण डिस्टॉर्शन 0.1 टक्के. 1947 ला विल्यमसनचं सर्किट छापून आलं, ते पण तेवढंच स्वच्छ. म्हणजे व्हॉल्व्हमधून स्वच्छ आवाज काढायची विद्या ऐंशीएक वर्षं जुनी आहे. तरी पण तुम्ही क्वाड टू (जुना इंग्लिश व्हॉल्व्ह अँप) आणि एखादा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून ऐका, फरक कळतो, आणि मला गेली 15 वर्षं या नादात राहून असं वाटायला लागलंय की फरक व्हॉल्व्हमध्ये कमी आणि जोडीत जास्त आहे.

मी इथे इंग्लंडमध्ये आल्यावर सेकंडहँडमध्ये क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घेतले, 1957 ला निघालेलं ते डिझाइन, पीटर वॉकरचं, दिसायला आपल्याकडच्या जुन्या रूम हीटरसारखे. सोबत क्वाड टू, केटी66 व्हॉल्व्हवाले, 15 वॅट. ते स्पीकर आणि ते अँप एकाच घरातले, एकमेकांना ओळखून बनवलेले. त्यावर किशोरीताई ऐकल्या आणि माझी बायको जी या सगळ्याला पसारा म्हणते ती हातातलं काम सोडून येऊन बसली. मग मी उत्साहात तेच अँप एका आधुनिक 84 डीबी सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटला किती आवाज देतो ते माप) छोट्या स्पीकरला जोडून बघितले, सगळी मजा गेली, आवाज दबलेला, ओढून काढल्यासारखा.

कारण सरळ आहे. त्या काळात वॅट महाग होते. म्हणून स्पीकरवाल्यांनी हलके कागदी कोन आणि जबरदस्त मॅग्नेट लावून स्पीकर असे केले की एका वॅटमध्ये खोली भरली पाहिजे. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, मग छोट्या खोक्यातून मोठा बेस काढायला कोन जड केले, सेन्सिटिव्हिटी गेली तरी चालेल म्हणाले. 96 डीबीचा स्पीकर आणि 86 डीबीचा स्पीकर यात तेवढ्याच आवाजाला दहापट पॉवरचा फरक पडतो. म्हणजे हळदीचं गाव, तुझे चार वॅट जुन्या स्पीकरवर जे करतात ते करायला आताच्या बुकशेल्फला 40 लागतील. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून हेच की बुकशेल्फ जोडू नको. तुझ्या मामांनी ईएल84 ला 9710 जोडले आणि मागून उघडी खोकी केली, त्या माणसाला कान होता.

सगळेच जुने स्पीकर व्हॉल्व्हला चालतात असंही नाही हं. एआर (अकूस्टिक रिसर्च) ची अमेरिकन सीलबंद खोकी पन्नाशीच्या दशकापासूनची आहेत, फार सुंदर, पण त्यांना पॉवर खूप लागते. बीबीसीचा छोटा स्पीकर एलएस3/5ए तर 83 डीबीच्या आसपास, पण जुना 15 ओहमचा असल्यामुळे व्हॉल्व्हवर शांतपणे ऐकायला लोक आजही शोधत असतात. म्हणून नुसतं जुनं बघून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र नक्की तपास. 9710 च्या पुढे एम असेल तर तो 7 ओहमचा. एएम असेल तर 800 ओहमचा! फिलिप्सने त्या काळी आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायचे सेट केले होते, ईएल86 ची जोडी लावून, त्यासाठी तो स्पीकर. मल्टीमीटरने बघ, 7 वाला 5-6 ओहम दाखवेल, 800 वाला शेकड्यात दाखवेल.

हळदीचं_गाव

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार. काका तुमचा मजकूर मी प्रिंट काढून भिंतीला लावलाय.

रविवारी मिरजेहून टेंपोने सगळं सांगलीला आणलं. स्पीकर मोजले, एक 5.4 आणि एक 5.5, म्हणजे एम आहेत. सुटलो. कोनाला बोटांनी हळूच दाबून बघितलं, कुठे घासत नाही. आतला छोटा पांढरट कोन, मधला, तो एकाचा किंचित चेपलाय. कडेला फोम नाहीये, कागदाचीच घडी आहे. एका कोनाला बारीक चीर आहे एक इंचाची. बुरशीचे डाग दोन्हीवर. हे कसं साफ करू?

सिलेक्टर 220 वर होता, 240 वर केला. ईझेड81 काढून सिरीज बल्बवर लावला, बल्ब मंद, सगळे व्हॉल्व्ह पेटले!! खोलीतला दिवा बंद करून मी आणि मुलगी नुसते बघत बसलो होतो.

ठाणे_लोकल

बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झटक, पाणी स्पिरिट काही लावू नको कागदाला. चिरेला मागच्या बाजूने टिश्यू पेपरची छोटी पट्टी आणि पातळ केलेला पांढरा फेविकॉल, अगदी कमी, वजन वाढता कामा नये. फोम नाही हे नशीब, फोमच्या कडा आपल्या हवेत दहा पंधरा वर्षांत चुरा होतात, कागदाच्या साठ वर्षं टिकतात. कोन बदलून मात्र घेऊ नको कुणी कितीही सांगितलं तरी, नवीन कोन म्हणजे नवीन स्पीकर, मॅग्नेट तेवढा जुना.

मधला छोटा कोन हा त्याचा ट्वीटर आहे, मोठा कोन वरच्या पट्टीत मागे पडला की तो गातो. चेपलेला तसाच राहू दे, सरळ करायला जाशील आणि फाटेल.

जुना_मेकॅनिक

ठाण्याचं म्हणणं बरोबर आहे. मॅग्नेटबद्दल एक, ते अल्निको या मिश्रधातूचे आहेत, त्यात कोबाल्ट असतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाईरमध्ये (आताचा काँगो) गडबड झाली आणि कोबाल्टचे भाव असे चढले की जवळपास सगळ्यांनी फेराइटचे काळे मॅग्नेट घेतले. तुमचे आता सहज मिळायचे नाहीत. मॅग्नेट काढायचा, उघडायचा प्रयत्न चुकूनसुद्धा करू नका, अल्निको उघडला की ताकद जाते.

खोकी भिंतीपासून दीड दोन फूट पुढे ठेवा. मागून उघडी असल्यामुळे मागचा आवाज पण खोलीत येतो, भिंतीला चिकटवली की घुमतं.

हळदीचं_गाव

तीन आठवड्यांनी लिहितोय. कंडेन्सर पुण्याहून आणले. मोठे तीन बदलले, जुने डबे वरून तसेच ठेवले, दिसायला बरं दिसतं. कपलिंगचे बदलायच्या आधी मुद्दाम एक माप घेतलं कारण काका म्हणाले होते गळके असणारच आणि मला बघायचं होतं. एका मिनिटापुरता चालू केला, डाव्या ईएल84 च्या ग्रिडवर 4 व्होल्ट, कॅथोडवर 10 च्या वर! लगेच बंद. दोन्ही बदलल्यावर ग्रिड शून्य, कॅथोड 7.1 आणि 6.9.

आता वाजतो. पण घरघर आहे. दोन्ही स्पीकरमधून, आवाजाचा नॉब शून्यावर केला तरी तेवढीच. फार मोठी नाही पण रात्री शांत असलं की त्रास होतो. गाण्यात तानपुरा सुरू झाला की ती त्यातच मिसळते आणि मला वेड लागतं. काय करू?

जुना_मेकॅनिक

नॉब शून्यावर करून पण तेवढीच म्हणजे प्लेयरकडून किंवा नॉबच्या आधीच्या वायरमधून येत नाहीये, पुढचं आहे. दोन्हीकडून सारखी म्हणजे दोघांना सामायिक असलेलं काहीतरी, म्हणजे सप्लाय किंवा अर्थ. ईसीसी83 काढून ऐका (बंद करून काढा). तरीही घरघर राहिली तर हाय टेन्शनची गाळणी कमी पडतेय, सिंगल एंडेडमध्ये सप्लायची लहर सरळ स्पीकरला जाते, पुश-पुलमध्ये (दोन आउटपुट व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट चालतात) ती एकमेकांत मरते. घरघर गेली तर फिलामेंटच्या वायरींकडे बघा, त्या पिळलेल्या पाहिजेत आणि चेसिसच्या कोपऱ्याला दाबून नेलेल्या पाहिजेत.

नवीन कंडेन्सरची निगेटिव्ह कुठे दिलीत? जुन्या डब्याची जी बॉडी होती तिथेच, की जवळ मिळाली म्हणून चेसिसला कुठेही?

हळदीचं_गाव

काका. जवळ मिळाली म्हणून. कुठेही.

जुना_मेकॅनिक

मग तेच. पहिल्या कंडेन्सरची निगेटिव्ह ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला सरळ वायरने न्या, तिथून एकच वायर चेसिसला. तिथून चार्जिंगचा मोठा करंट धक्क्याधक्क्याने जातो, तो चेसिसच्या पत्र्यातून फिरला की सगळीकडे 100 हर्ट्झ ऐकू येतो. दुसऱ्या तिसऱ्याची निगेटिव्ह त्यानंतर.

लीड्सकर

हे होईपर्यंत प्लेयरकडे पण बघून घे, कारण रेकॉर्डी खराब व्हायच्या आधी सांगायला पाहिजे. त्या काळच्या चेंजरला (तबकड्या आपोआप बदलणारा प्लेयर) क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं. क्रिस्टल असेल तर आपल्या दमट हवेत मेलं असण्याचीच शक्यता जास्त, त्यातला क्षार ओल धरतो. सिरॅमिक टिकतं. सुईजवळ एक छोटी फिरवायची कळ असेल, एका बाजूला 78, दुसरीकडे एलपी. 78 ची खाच एलपीपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, एलपीच्या सुईने 78 वाजवलीस तर सुई तळाशी घासत जाते, नुसती खरखर येते, म्हणून लोकांना वाटतं की जुन्या तबकड्या खराबच असतात. बरोबर सुई लाव आणि मग खाँसाहेबांना ऐक, तीसच्या दशकातलं रेकॉर्डिंग आहे यावर विश्वास बसणार नाही.

पण चांगल्या एलपी त्या चेंजरवर नको. हात जड असतो, पाच ग्रॅमच्या वर, खाच झिजते. त्यासाठी वेगळा प्लेयर आणि छोटा फोनो स्टेज (प्लेयरचा बारीक सिग्नल वाढवणारा) घे आणि मागच्या टेपच्या सॉकेटमधून दे.

मोजमाप

माझ्याकडून पण थोडी मदत. मेन्सची वायर बहुतेक दोन पिनची असेल, ती तीन पिनची करून चेसिसला अर्थ दे, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) फ्यूज टाक, जुन्या सेटमध्ये बऱ्याचदा नसतो. ईएल84 कितीही चांगला वाजला तरी मुलगी घरात फिरणार आहे.

आणि लीड्सकर, जोडीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मी दोन दिवस विचार केला. व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इंपिडन्स जास्त असतो (म्हणजे स्पीकरवर पकड कमी), त्यामुळे स्पीकरच्या रेझोनन्सपाशी बेस थोडा फुगतो, आणि उघड्या खोक्यात नेमका तिथेच बेस कमी पडत असतो. म्हणजे एकाचं उणं दुसरा भरून काढतो. हे मोजता येण्यासारखं आहे आणि मी मोजणार आहे. मित्राकडे एक जुना सेट आहे.

हळदीचं_गाव

निगेटिव्ह काका म्हणाले तशी फिरवली. घरघर गेली. म्हणजे कान ग्रिलला लावला तर थोडी आहे, खुर्चीत बसल्यावर नाही. अर्थ आणि फ्यूज पण झालं.

कार्ट्रिज सिरॅमिक निघालं, चालू आहे. कळ 78 वर फिरवली. काल दुपारी मुद्दाम जेवण झाल्यावर लावलं. आई पण आली होती, मामांची ती धाकटी बहीण. व्हॉल्व्ह तापायला पाऊण एक मिनिट लागतो, त्या वेळात कुणी काही बोललं नाही, हिरवा डोळा हळूहळू उजळत आला आणि मग सुई ठेवली.

आधी खरखर, आणि मग तो आवाज. बारीक, टोकदार, पण कुठे टोचत नाही असा. मी फोनवर हीच तबकडी कितीतरी वेळा ऐकलीय, तिथे आवाज डोक्यात येतो, इथे तो समोरच्या भिंतीजवळ उभा होता. बेस फारसा नाहीच, वरची झिलईपण नाही, आणि मला एकदाही त्याची आठवण झाली नाही. स्वर लावताना तो सुरुवातीला जो श्वास आहे तो ऐकू आला. आवाजाचा नॉब पावसुद्धा फिरवला नव्हता, चार वॅटमधला अर्धा पण लागला नसेल.

तीन मिनिटं झाली, तबकडी संपली, सुई मधे जाऊन घासत राहिली. आई म्हणाली, "परत लाव." मी उठून परत लावली. चार वेळा लावली.

ग्रिलचं कापड मात्र पार कुजलंय, उंदरांनी पण खाल्लंय. त्या काळी ते सोनेरी जर असलेलं जाळीदार कापड असायचं तसं कुठे मिळतं का कुणाला माहीत आहे? आवाज अडता कामा नये असं पाहिजे.

ठाणे_लोकल

कापड तोंडाला लावून आरपार फुंकर मारून बघायची, सहज गेली तर चालेल. पुण्यात रविवारच्या जुन्या बाजारात मोडके रेडिओ येतात त्यांचं काढून घेता येतं, नाहीतर सांगलीतच जरीच्या साड्यांच्या दुकानात विरळ विणीची ओढणी बघ, मी माझ्या सेटला तीच लावलीय. ताणून लावायच्या आधी एकदा धुऊन घे म्हणजे नंतर आटणार नाही.